इंग्रजी शब्दांचे नानार्थ आणि वनप्रदेशातील शाळा
(शिक्षक परिषदेतील भाषण)



संस्कृत पाठशाळांत शब्दार्थाचा विचार शिकविताना एक दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात आला आहे. धनी सेवकास म्हणतो, "सैंधव आण." सैंधव म्हणजे सिंधुदेशातील मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशातील घोडाही. धनी जेवावयास बसलेला असेल तर सेवकाने मीठ आणावयाचे, प्रवासास निघालेला असेल तर घोडा. भरल्या ताटापुढे घोडा आणून उभा करणाऱ्या सेवकास शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. अर्थ ठाऊक होता. प्रसंग कळला नव्हता. शास्त्रकारांनी ह्या प्रसंगास 'प्रकरण' असे नाव दिले आणि नानार्थी शब्दाचा नेमका अर्थ ठरविणाऱ्या साधनांत त्यास मानाचे स्थान दिले. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात 'नानार्थवर्ग' नावाचा स्वतंत्र भागच आहे. त्यात एकट्या 'हरि' शब्दाचे विष्णू, इंद्र, सूर्य, सिंह, घोडा, वानर, पोपट, साप, बेडूक असे अर्थ एकापुढे एक मांडलेले आढळतात. देव आणि बेडूक एकाच शब्दात सुखाने नांदतात, आणि कोणाचा घोटाळा होत नाही.

हा दृष्टान्त आज आठवण्याचे कारण इंग्रजी हा विषय होय. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून इंग्रजीस प्रारंभ होत असे. सन २००० च्या जून महिन्यापासून तो पहिलीपासून होऊ लागला. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी असलेला विषय सहा वर्षांच्या मुलापुढे आला, आणि तो शिकविण्याची जबाबदारी वर्गातील सर्वच विषय शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकावर आली. चंद्रपूर जिल्हा आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा ह्यांतील वनप्रदेशात तर हा भार दुप्पट आहे. येथील कित्येक मुलांची घरची भाषा मराठीही नाही. कोणाची माडिया किंवा गोंडी, कोणाची तेलुगू, कोणाची बंगाली, कोणाची छत्तीसगढी. मराठी ही त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. दुसऱ्या भाषेच्या आधाराने तिसरी भाषा शिकणे म्हणजे ज्या फांदीवर अजून नीट पाय ठरला नाही तीवरून पुढच्या फांदीस हात घालणे होय.

पहिल्याच पाठाचे पाहा. 'धिस इज अ पेन' हे वाक्य इंग्रजी शिकणाऱ्या बहुतेक सर्व मुलांच्या वाट्यास कधी ना कधी येते. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील मुलास 'पेन' हा ध्वनी मुळीच नवा नाही. त्याच्या घरी पेन म्हणजे देव. शिक्षक हातात शाईची लेखणी उंच धरून 'पेन' म्हणतात, तेव्हा त्या बालमनात काय उमटत असेल ह्याचा विचार पाठ्यपुस्तकाने केलेला नसतो. तो शिक्षकानेच करावयाचा असतो. एखादे मूल हसले, एखादे गोंधळून शेजाऱ्याकडे पाहू लागले, तर तो वात्रटपणा समजू नये. त्याच मुलाच्या भाषेत 'नार' म्हणजे गाव, आणि मराठीच्या तासाला 'नार' म्हणजे स्त्री. सिरोंच्याकडील तेलुगू बोलणाऱ्या मुलीच्या घरी 'पाट' म्हणजे गाणे. शाळेत पाट म्हणजे बसावयाचा, किंवा शेतात पाणी नेणारा. एक ध्वनी दोन घरी दोन नावांनी राहू शकतो, हे ज्ञान सीमेवरच्या ह्या मुलांस न शिकविता लाभलेले आहे. शहरातील एकभाषी मुलास ते पुस्तकातून शिकावे लागते. वनप्रदेशातील शिक्षकाच्या हाती एवढे भांडवल असता त्याचा उपयोग मात्र क्वचितच केला जातो.

उपयोग होत नाही ह्याचे मुख्य कारण म्हणजे शब्दार्थांची वही. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. वही नीटनेटकी दिसते, तपासावयास सोपी जाते, पालकांसही समाधान वाटते. परंतु ह्या रेघेने एक मोठी चूक मुलाच्या मनात कायमची कोरली जाते. ती चूक अशी की, एका शब्दास एक अर्थ असतो. समजा, मुलाने डावीकडे 'वेल' लिहिले आणि उजवीकडे 'विहीर'. पुढे पाठात 'आय अ‍ॅम वेल' हे वाक्य आले. स्मरणशक्ती उत्तम असलेला मुलगा उभा राहून सांगतो, "मी विहीर आहे." वर्ग हसतो. 'काइंड' म्हणजे प्रकार असे पाठ केलेली मुलगी 'ही इज काइंड' ह्याचा अर्थ 'तो प्रकार आहे' असा करते. येथे चुकले कोण? मुलाने तर वहीची आज्ञा तंतोतंत पाळली आहे. किंबहुना जो पाठांतरात कच्चा आहे तो अंदाजाने 'मी बरा आहे' म्हणून सुटेल. पाठांतरात पक्का आहे तोच हमखास सापडेल. असे दोन-तीनदा घडले की तो मुलगा पुन्हा उभा राहत नाही. वनप्रदेशातील शाळांत इंग्रजीच्या तासाला जी शांतता असते, तिचे कारण सदैव अज्ञानच असते असे नव्हे.

'लेफ्ट' म्हणजे डावा आणि 'लेफ्ट' म्हणजे निघून गेला. 'लाइक' म्हणजे आवडणे आणि 'लाइक' म्हणजे सारखा. 'कॅन' म्हणजे शकणे आणि डबाही. 'लाइट' म्हणजे प्रकाश, हलका, फिकट आणि पेटविणे. ही यादी वाढवीत नेणे कठीण नाही. परंतु शिक्षकांच्या दृष्टीने अधिक उपयुक्त शब्द ह्या यादीत नाहीत. ते शाळेच्या दारापुढून जाणाऱ्या रस्त्यावर आहेत.

वनप्रदेशातील मुलाने शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच पुष्कळ इंग्रजी शब्द ऐकलेले असतात. ते त्याने पुस्तकातून घेतलेले नाहीत. वनरक्षकाच्या, ठेकेदाराच्या, मोटारचालकाच्या आणि स्वतःच्या वडिलांच्या तोंडून घेतलेले आहेत. 'बीट' हा शब्द घ्या. वनरक्षकाचे बीट असते, पोलिसाचे असते, आणि शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांचेही असते. म्हणजे हा शब्द शिक्षकांच्या नित्य व्यवहारातला आहे. पण पुस्तकात 'बीट' म्हणजे मारणे. मारण्याचा आणि वनरक्षकाच्या हद्दीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मोठा सुंदर आहे. पायाखाली पुनःपुन्हा जी जमीन तुडविली जाते, पावलांनी ठोकली जाते, ती वाट म्हणजे बीट. रोजच्या फेरीची वाट ती बीट, आणि त्या वाटेने ज्याची राखण होते तो टापूही बीट. ढोलावर पडणारा ठोका बीट, नाडीचा ठोका बीट, खेळात दुसऱ्यास हरविणे हेही बीट. पूर्वी शिकारीसाठी रान उठविण्यास माणसे झाडांच्या बुंध्यांवर काठ्या ठोकीत जात. आपल्याकडे त्यास हाका म्हणत. इंग्रज शिकारी त्यासही बीट म्हणत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर तो हाका इतिहासजमा झाला, पण शब्द जुन्या शिकारकथांतून उरला आहे. ह्या साऱ्या अर्थांच्या मुळाशी एकच कृती आहे: पुनःपुन्हा ठोकणे. ती एकदा वर्गात टाळी वाजवून, बाकावर ठोकून, पावले आपटून दाखविली की सारे अर्थ एका दोऱ्यात ओवले जातात. भाजीतले लाल बीट तेवढे ह्या कुळातले नव्हे. त्याची इंग्रजी अक्षरे वेगळी आहेत. देवनागरीत लिहिल्यामुळे ते उगाच ह्या पंगतीत येऊन बसते. इंग्रजी शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहिण्याची पद्धत सोयीची असली तरी तिच्यात हा धोका आहे, हे जाता जाता ध्यानी घ्यावे. 'राईट' असे लिहिले की लिहिणे आणि उजवा दोन्ही एकच होऊन बसतात.

'रेंज' ह्या शब्दाची कथा अशीच आहे. मूळ अर्थ रांग, ओळ. म्हणून डोंगरांची रांग ती रेंज. ज्या टापूत एखादा फिरतो, वावरतो तो टापूही रेंज. वाघाचा असो वा वनक्षेत्रपालाचा. बंदुकीची गोळी जेथवर पोहोचते ते अंतर रेंज, आणि आता मोबाईलच्या मनोऱ्याची लहर जेथवर पोहोचते तीही रेंज. दुर्गम गावातील मुलास ह्यांतील शेवटचा अर्थ सर्वांत आधी ठाऊक असतो; कारण टेकडीवर चढून, हात उंच करून 'रेंज' शोधणारी माणसे त्याने पाहिली आहेत. भूगोलाच्या पुस्तकात पर्वतासंबंधी हा शब्द आला आणि त्याने 'मोबाईलची रेंज' असे उत्तर दिले, तर त्यावर लाल फुली मारण्यापूर्वी क्षणभर थांबावयास हवे. त्याचे उत्तर त्या वाक्यात चुकले आहे. त्या शब्दाविषयी चुकलेले नाही. ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि मुलास त्या भिन्न आहेत हे सांगितले गेले पाहिजे.

आता एक गमतीचा शब्द. जंगलतोडीसाठी आखून दिलेल्या भागास 'कूप' म्हणतात, आणि हा शब्द आता इतका रुळला आहे की तो परका आहे असे कोणास वाटतही नाही. संस्कृत जाणणाऱ्यास त्यात विहीर दिसते. वस्तुतः तो फ्रेंच भाषेतील 'कापणे' ह्या अर्थाच्या धातूपासून निघालेला, वनशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांतून आलेला शब्द आहे. कूपमंडूक ह्या शब्दातला कूप आणि सागाच्या तोडीचा कूप ह्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. केवळ नावे सारखी पडली. 'डेपो' हाही फ्रेंचमधूनच आलेला. बल्लारशाहला लाकडाचा डेपो, आणि गावोगावी एस. टी. चा डेपो. ठेवण्याची जागा हा मूळ अर्थ दोन्हीकडे आहे. एकीकडे लाकूड ठेवतात, दुसरीकडे गाड्या.

नानार्थी शब्दांचे हे दोन वर्ग शिक्षकांनी मनाशी वेगळे ठेवावेत. एक, ज्यांचे अर्थ एका कुळातले आहेत; दुसरा, ज्यांचे केवळ नाव सारखे आहे. 'लीफ' म्हणजे तेंदूचे पान आणि 'लीफ' म्हणजे पुस्तकाचे पान. हे तर मराठीतही एकच. 'ब्रँच' म्हणजे झाडाची शाखा, आणि बँकेची शाखाही. ही एका कुळातली भावंडे. उलट 'बार्क' म्हणजे झाडाची साल आणि 'बार्क' म्हणजे कुत्र्याचे भुंकणे, हे केवळ एका नावाचे दोन गृहस्थ. पहिला शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला, दुसरा जुन्या इंग्रजीतलाच. कुळातले अर्थ दोरा दाखवून शिकवावेत. नामसादृश्य असलेले अर्थ मात्र वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाठांत शिकवावेत. त्यांची सांगड घालण्याच्या भानगडीत पडू नये. 'ट्रंक' हा शब्द दाखविण्यास अहेरी तालुक्यातील मुलांइतके भाग्यवान दुसरे कोणी नसावे. कमलापूरला वनविभागाचे हत्ती आहेत. ज्या हत्तींनी एके काळी लाकडाचे ओंडके ओढले, त्यांची सोंड ती ट्रंक. झाडाचे खोड ते ट्रंक. आणि घरात कपडे ठेवावयाची पत्र्याची पेटी तीही ट्रंक. एका चित्रात तिन्ही काढता येतात.

'सीझन' हा शब्द मे महिन्यात ह्या प्रदेशात प्रत्येकाच्या तोंडी असतो. सीझन म्हणजे तेंदूपाने तोडण्याचे दिवस. घरातील लहानथोर त्यात गुंतलेले असतात. पुस्तकात सीझन म्हणजे ऋतू. परंतु लाकूडवखारीत 'सीझन' हे क्रियापद आहे: ओले लाकूड रचून ठेवून, वारा लागू देऊन पक्के करणे. स्वयंपाकात त्याच क्रियापदाचा अर्थ मीठमसाला घालून चव आणणे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पेरणी. पेरणीचा काळ, मग कोणताही योग्य काळ, मग काळाने आलेली पक्वता, असा त्याचा प्रवास झाला. सुताराच्या मुलास वर्गात विचारावे की कच्च्या लाकडाचे दार केले तर काय होते. तो जे सांगेल त्यातून ह्या क्रियापदाचा अर्थ साऱ्या वर्गास कळेल.

इतके शब्द झाल्यावर कोणी म्हणेल, हा केवळ विद्वत्तेचा विलास आहे. मुलाच्या पोटापाण्याशी ह्याचा संबंध काय? त्याचे उत्तर एका अतिशय साध्या शब्दाच्या कथेत आहे. तो शब्द म्हणजे 'ट्री'. चित्रासह पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत शिकविला जाणारा, शब्दार्थांच्या वहीत 'झाड' म्हणून नोंदलेला शब्द. बांबू हे झाड आहे काय? वनस्पतिशास्त्र सांगते, नाही. बांबू हे गवताच्या कुळातले आहे. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'ट्री' ह्या शब्दाची जी व्याख्या केली गेली तीत ताडवर्गीय वृक्ष, बांबू, तोडलेल्या झाडांचे बुंधे, झुडपे आणि वेत ह्या सर्वांचा समावेश होता. म्हणजे वर्गात जे गवत, ते कायद्यात झाड. पुढे २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूची गणना गौण वनउपजात केली; मध, डिंक, तेंदूपाने ह्यांच्या पंक्तीस तो आला. एकाच वनस्पतीस एका कायद्याने एका घरात ठेवले, दुसऱ्याने दुसऱ्या घरात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड वस्तीच्या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु बांबू तोडून तो विक्रीसाठी बाहेर नेण्यास वाहतूक परवाना लागतो, आणि तो कोणी द्यावयाचा हा प्रश्न उरला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या हस्ते परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्याच स्वाधीन करण्यात आले. २०१७ साली वन अधिनियमात दुरुस्ती होऊन 'ट्री' च्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द वगळण्यात आला. चार अक्षरांच्या एका शब्दात काय मोडते ह्यावर येथे एका गावाच्या मजुरीचा आणि उत्पन्नाचा निर्णय अवलंबून होता. त्या गावातील मोठ्या माणसांनी कायद्यातील शब्द आणि त्यांचे अर्थ अभ्यासगटांत बसून समजून घेतले. उद्याच्या ग्रामसभेत जी मुले बसणार आहेत ती आज शिक्षकांच्या पुढ्यात आहेत.

त्या वाहतूक परवान्यास लोक 'पास' म्हणतात. 'पास' हा शब्द मुलास परीक्षेमुळे ठाऊक आहे आणि बसच्या पासामुळेही. पलीकडे जाणे हा त्याचा मूळ अर्थ. परीक्षेच्या पलीकडे जाणारा पास होतो. नाक्याच्या पलीकडे जाऊ देणारा कागद पास. आणि डोंगरांच्या पलीकडे नेणारी खिंड तीही पास. वनहक्कातला हक्क म्हणजे इंग्रजीत 'राईट'. शिक्षक उत्तरावर बरोबरची खूण करतात ती राईट. उजवा हात तो राईट. आणि हक्कही राईट. ह्याच्या मुळाशी 'सरळ' हा अर्थ आहे. संस्कृतातील 'ऋजु' हा ह्याच कुळातला दूरचा नातलग, आणि 'ऋजु' पासून प्राकृतात 'उज्जु' व जुन्या मराठीत 'उजू' झाला. मराठीतील 'उजवा' ह्या शब्दाचे नातेही ह्याच कुळाशी जोडले जाते. जे सरळ ते बरोबर, जे न्यायाने सरळ ते ज्याचे त्याला मिळणे, असा हा अर्थाचा विस्तार आहे.

इंग्रजी ही मोठी बेशिस्त भाषा आहे, असा उद्गार शिक्षकांच्या बैठकीत वारंवार ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' ह्या तीन अक्षरी क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ नोंदले आहेत हे खरे. परंतु मराठी काय कमी आहे? भूक लागते, आग लागते, ठेच लागते, डोळा लागतो, झाडास फळ लागते, शाळेस सुट्टी लागते, मुलास नोकरी लागते, पायास चिखल लागतो, कामास वेळ लागतो, आणि कोणाचे बोलणे मनाला लागते. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसास 'लागणे' ह्याचा अर्थ एका ओळीत सांगून पाहावा, म्हणजे इंग्रजीची तक्रार करण्याचा उत्साह ओसरेल. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी ह्यांनी इंग्रजी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा त्यांस एकेका साध्या इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांगच्या रांग मांडावी लागली. दोन भाषांतील अर्थांच्या सीमा एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत, हे त्या कोशाच्या कोणत्याही पानावर दिसते.

शरीराच्या अवयवांची नावे ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत. करवतीस मराठीत दात, इंग्रजीतही दात. डोंगराचा पायथा तिकडे 'फूट'. नदीचे मुख तिकडे 'माउथ'. येथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. मग वाटा फुटतात. घड्याळास मराठीत काटे आहेत, इंग्रजीत हात. सुईस मराठीत नाक आहे, इंग्रजीत डोळा. हीच गोष्ट वर्गात मुलांस सांगून 'तुमच्या घरी सुईच्या भोकास काय म्हणतात?' असे विचारावे. माडिया, तेलुगू, बंगाली, ज्याची जी भाषा असेल तिच्यातून उत्तरे येतील, आणि एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारे मूल त्या दिवशी शिक्षकास काही शिकवील.

इंग्रजीची म्हणून जी खरी अडचण आहे ती निराळी आहे. मराठीत नामाचे क्रियापद होताना शब्दाचे रूप बदलते किंवा सोबतीस दुसरा शब्द येतो. पाणी आणि पाणी घालणे. इंग्रजीने मध्ययुगात आपल्या जुन्या विभक्ती आणि प्रत्यय बहुतांशी टाकून दिले, आणि तेव्हापासून एकच शब्द रूप न बदलता कधी नाम, कधी क्रियापद, कधी विशेषण म्हणून वावरू लागला. 'वॉटर' म्हणजे पाणी, आणि रोपांना पाणी घालणे हेही 'वॉटर'च. त्याची जात वाक्यातील जागेवरून ओळखावयाची. यास्तव सुटा इंग्रजी शब्द हा सुट्या मराठी शब्दापेक्षा अधिक मुका असतो. त्यास वाक्यातच बसविले पाहिजे.

मग शिक्षकाने 'सेट' चे चारशे अर्थ शिकवावयाचे काय? मुळीच नाही. तो तर शब्दार्थांच्या वहीपेक्षाही मोठा अपराध होईल. ह्या बाबतीत मायकेल वेस्ट ह्यांचे कार्य लक्षात घेण्यासारखे आहे. हे गृहस्थ अविभाजित बंगालमध्ये ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. इंग्रजी वाचनाच्या अडचणी त्यांनी भारतीय मुलांच्या वर्गांतच अभ्यासल्या. १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार सामान्य इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की, केवळ शब्द नव्हे, तर प्रत्येक शब्दाचे कोणते अर्थ प्रत्यक्ष लिखाणात किती प्रमाणात येतात तेही तीत टक्केवारीने दिले. ह्यातून निघणारे सूत्र साधे आहे. जो अर्थ वारंवार येतो तो आधी. दुर्मीळ अर्थ नंतर, किंवा कधीच नाही. मात्र वेस्ट ह्यांच्या सूचीस वनप्रदेशातील शाळेत एक पुरवणी जोडावी लागेल. 'रेंज', 'बीट', 'सीझन', 'पास' ह्यांचे जे अर्थ लंडनच्या छापील लिखाणात मागे पडतील, ते येथे घराघरांत पहिले आहेत. सूची ठेवावी, पण गावाचा कानही ठेवावा.

प्रत्यक्ष वर्गात करावयाचा बदल अगदी लहान आहे. 'बीट म्हणजे काय?' असा प्रश्न फळ्यावर लिहिला जातो. त्यात एक शब्द वाढवावा. 'येथे बीट म्हणजे काय?' ह्या 'येथे' मध्ये सैंधवाच्या दृष्टान्तातले सारे प्रकरण सामावलेले आहे. मुलास त्या एका शब्दाने कळते की अर्थ ह्या वाक्यापुरता विचारला आहे, दुसरीकडे दुसरा असू शकेल, आणि त्यास ठाऊक असलेला अर्थ खोटा ठरलेला नाही. वहीतील उभी रेघ काढून टाकण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. रेघेच्या जागी शब्दाखाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात. आज एक वाक्य लिहावे, आणि तोच शब्द पुढे निराळ्या अर्थाने भेटेल त्या दिवशी त्याच पानावर दुसरे वाक्य. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तर वहीचीही गरज नाही. तेथे वस्तू, कृती आणि बोलणे पुरे. चौथी-पाचवीच्या मुलांस गावात ऐकलेले इंग्रजी शब्द आणावयास सांगावे. ती 'लाईन' आणतील: वीज गेली की 'लाईन गेली', वणवा अडविण्यास जंगलात आखलेली 'फायर लाईन', रेल्वेची लाईन, आणि बँकेपुढची लाईन. हे सारे त्यांच्या वडीलधाऱ्यांचे इंग्रजी आहे. उच्चार गावठी असेल, अर्थ पक्के असतात.

शेवटी प्रश्नपत्रिका तपासण्याविषयी. घटक चाचणीत 'अर्थ लिहा' ह्या सदराखाली सुटे शब्द देण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आहे. ज्या शिक्षकांस ती चाचणी स्वतः काढावयाची असते, त्यांनी प्रत्येक शब्दास एक छोटे वाक्य द्यावे. जेथे सुटा शब्द देणे टळत नाही, तेथे मुलाने लिहिलेला अर्थ पाठातला नसला तरी त्या शब्दाचा खरा अर्थ असेल तर पूर्ण गुण द्यावेत. 'बँक' पुढे कोणी 'पैसे ठेवण्याची जागा' लिहील. वैनगंगेच्या किंवा इंद्रावतीच्या काठचे मूल 'नदीचा काठ' लिहील. 'स्प्रिंग' पुढे वसंत, झरा, उडी, आणि सायकलच्या बैठकीखालची तार, ह्यांपैकी काहीही येऊ शकेल. शंका आल्यास उत्तरपत्रिका बाजूस ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलास जवळ बोलावून विचारावे, "हा शब्द तू कुठे ऐकलास?"